दिसलेला ठोसा

शांताराम धुरी यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो त्यांचे कप मागायला. जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चढावर आमची चाळ होती. चाळीच्या टोकाला, नळाला लागून त्यांची खोली. आमच्या युवक मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर मांडायला काहीतरी हवं होतं. बॉक्सिंगमध्ये दोनदा देशात पहिला आलेला माणूस आपल्याच चाळीत राहतो, तर त्याचे कप मांडावेत, असा ठराव मी मांडला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ठराव मांडणं हेच माझं मुख्य काम होतं. वडील गिरणीत आणि युनियनमध्ये. अंकलिपीच्या आधी माझ्या हातात पत्रकं आली होती.

धुरीमामा चटईवर मांडी घालून राख्यांना चमकी चिकटवत होते. मामी राख्या करायच्या. व्यापाऱ्याचा माणूस पोत्यातून रेशीम, गोंडे, चमकी आणून टाकायचा आणि तयार राख्या डझनावर मोजून न्यायचा. ज्या बोटांबद्दल मी वडिलांकडून इतकं ऐकलं होतं, ती एवढीशी चमकी चिमटीत धरून गोंदाच्या थेंबावर अलगद ठेवत होती.

"कप?" मामा वर न बघता म्हणाले. "कप नाय आमच्याकडे."

"विकलेत?"

"विकायला माझा होता कधी? फिरता चषक असतो रे तो. वर्षभर मिलच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचा, मग परत द्यायचा. पुढच्या वर्षी जो जिंकेल त्याच्या साहेबाच्या कपाटात. मी आपला फोटोपुरता हातात धरला."

"मग तुम्हाला मिळालं काय?"

मामांनी हातातली राखी पूर्ण केली, फुंकर मारली, बाजूला ठेवली. "सुटाचं कापड," ते म्हणाले. "दर वेळी सुटाचं कापड. आमच्याच मिलचं. आम्हीच विणलेलं."

आतून मामींचा आवाज आला, "आणि थर्मास. तेचा झाकाण गावणा नाय."

कप नाहीत म्हटल्यावर मी त्यांनाच स्टेजवर बसवलं. शाल घातली, नारळ दिला. भाषण करा म्हटलं तर ते उठले, माइककडे बघितलं आणि म्हणाले, "सगळ्यांनी जपून राहा." आणि खाली बसले. लोक हसले. मला ते भाषण तेव्हा फारच तोकडं वाटलं होतं.

बॉक्सर म्हणजे दांडगा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी धुरीमामांना पाहायला हवं होतं. अंगाने एखाद्या शिंप्यासारखे. बँटमवेट म्हणजे हलका गट, पन्नाशी ओलांडली तरी त्यांचं वजन त्या गटाच्या बाहेर गेलं नव्हतं. नाक शाबूत, दात शाबूत, कान शाबूत. त्यांच्याबरोबरचे जुने खेळाडू कधी भेटायला आले तर त्यांची नाकं बसलेली, भुवयांवर टाके. मामांच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. त्यांचं सगळं नाव या चेहऱ्यामुळेच होतं. त्यांचा ठोसा काही फार जड नव्हता, वडील सांगायचे. पण धुरीला लागत नसे. समोरचा मारून मारून दमायचा, आणि मग धुरी त्याला दोन-चार साधे ठोसे द्यायचा.

"ताकद काय, हमालाकडे पण असते," मामा म्हणायचे. "बॉक्सिंग म्हणजे बघणं. ठोसा येताना डोळा मिटतो तो मार खातो. ज्याचा उघडा राहतो त्याला ठोसा रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा दिसतो. सावकाश."

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं. गणपतीच्या वर्गणीवरून एक दादा चाळीत आला होता. मामींनी दिलेली नोट त्याला कमी वाटली. तो मामींना काहीतरी बोलला आणि मामा मधे येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. दादाने थोबाडीत मारायला हात उगारला. हात हवेतून गेला. मामा जागेवरच होते, फक्त डोकं जेमतेम चार बोटं बाजूला झालं होतं. त्याने पुन्हा मारली. पुन्हा हवेत. अख्खी चाळ गॅलरीत आली. तिसऱ्यांदा तो इतक्या जोरात फिरला की स्वतःच नळाच्या चिखलात गुडघ्यावर गेला.

"खांदा चुगलखोर आहे तुझा," मामा त्याला समजावणीच्या सुरात म्हणाले. "हात निघायच्या आधी येऊन सांगतो मला."

तो दादा पुढे आमच्या चाळीकडे फिरकला नाही. मामींनी मात्र मामांनाच झापलं. म्हणाल्या, "चिखलातलो माणूस उठान सुरी काढता, ता दिसता काय तुमका?" मामा हसले. मामी या घरातल्या सावध व्यक्ती होत्या, आणि त्यांचं कुणी ऐकत नसे.

आता त्यांच्या पैशाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ते सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

मामांना गिरणीने नोकरी दिली ती बॉक्सर म्हणून. मोठ्या साहेबांना बॉक्सिंगचा शौक होता. खेळ हौशी, त्यामुळे रोख बक्षीस घेणं नियमाविरुद्ध. घेतलं तर खेळाडू बाद. म्हणून नोकरी. साहेब मोठ्या मनाचे. सराव आहे, जा. स्पर्धा आहे, दिल्लीला जा, कलकत्त्याला जा. सुट्टी कधी नाकारली नाही. पण मस्टरवर धुरी शांताराम हे बदली कामगार होते. ज्या दिवशी साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहिलं त्या दिवसाचा पगार. ते पहिल्यांदा देशात पहिले आले तेव्हा बदली होते. दुसऱ्यांदा आले तेव्हाही बदलीच. कायम झाले ते हातमोजे उतरवल्यावर, साहेब बदलून गेल्यावर, बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहून.

मग संप झाला. मामा शेवटपर्यंत संपात राहिले. संप विरत गेला तसं गिरणीने निवडून निवडून लोक आत घेतले, मामांना घेतलं नाही. नोकरीच्या पैशांचा हिशेब केला तेव्हा बॉक्सिंगची वर्षं धरली गेली नाहीत, कारण त्या वर्षांत त्यांची हजेरी पुरी भरत नव्हती. ज्या दिवशी त्यांनी गिरणीसाठी कप जिंकला, त्या दिवशी गिरणीच्या लेखी ते गैरहजर होते.

यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. गुलाबी कागदावर, मोठ्या टायपात. मामांनी ते ओट्यावर बसून सावकाश वाचलं. शेवटी दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.

"कॉम्रेड," ते म्हणाले. ते मला तसंच म्हणत, थट्टेने, पण नुसत्या थट्टेने नाही. "तुझा कागद फार ओरडतो रे. रिंगात जो ओरडायला लागला, त्याचा श्वास संपला असं आम्ही समजायचो."

"मग गप्प बसायचं?"

"गप्प नाय. बघायचं. कुठून येतोय ते बघायचं."

पण गिरणीचा ठोसा कुठून आला ते मामांना दिसलं नव्हतं.

संपाच्या नंतरच्या वर्षांत आमच्या चाळीतल्या पुरुषांनी काय काय केलं ते लिहायला वेगळं पुस्तक लागेल. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला, कुणी गावी गेला आणि तिथे नुसता बसून राहिला. धुरीमामांना गिरणीतल्याच एका जुन्या साथीदाराने सिनेमात नेलं. मढला समुद्राकाठचे बंगले शूटिंगला भाड्याने देत, तिथे मारामारीचे प्रसंग चालायचे. हिरोच्या हातचा मार खाणारे दहा-बारा फायटर लागायचे. रोजावर पैसे. मामांनी फायटरांच्या संघटनेचं कार्ड कसंबसं काढलं आणि कामाला लागले.

पहिल्याच दिवशी त्यांची पंचाईत झाली. सिनेमातला ठोसा लागत नाही, चेहऱ्यापासून वीतभर दुरून जातो. तो गेल्यावर आपण तोंड फिरवायचं आणि कोसळायचं. कॅमेऱ्याला वाटतं, लागला. एवढं सोपं काम. पण ठोसा निघाला की मामांचं डोकं त्याच्या आधीच बाजूला व्हायचं. हिरोचा हात मोकळ्या हवेतून जायचा आणि मामा तिथे ताठ उभे. शॉट वाया. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. फाइट मास्टर शिव्या द्यायला लागला. बाकीचे फायटर तोंड दाबून हसत होते. एका टेकला तर हिरोच तोल जाऊन मामांच्या अंगावर पडला आणि मामांनी त्याला सांभाळून उभं केलं.

मामांनी यावर जो उपाय काढला तो फक्त एका बॉक्सरलाच सुचला असता. मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला, कारण फायटरांच्या रोजंदारीवर लिहायचं म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर मढला गेलो होतो. बंगल्याच्या मागच्या अंगणात शूटिंग होतं. हिरो नवा होता, निर्मात्याचाच मुलगा, छत्रीखाली बसून नारळपाणी पीत होता. मामांनी चौकड्याचा शर्ट घातला होता. शॉटच्या आधी ते हिरोजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बाबा, सच्ची में मारना."

"लग जाएगा, अंकल," पोरगा घाबरून म्हणाला.

"लगने दो. उसी का पैसा है."

पोराने मारला. मामांनी दात दाबले, मान आवळली आणि तो गालावर घेतला. कोसळले. शॉट एका टेकमध्ये झाला. फाइट मास्टर टाळ्या वाजवत म्हणाला, "वा धुरी, झकास. चांगला शिकलास."

परत येताना, होडीच्या धक्क्यावर मी त्यांना विचारलं, "हे काय चाललंय मामा?"

"अरे, खोटा ठोसा आला की डोकं मला विचारत नाय. आपोआप हटतं. वीस वर्षांची सवय आहे त्याला. पण खरा घ्यायचा म्हटलं तर आधी ठरवता येतं. घ्यायचं ठरवता येतं रे. फसायचं नाय ठरवता येत."

"मामींना माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, हिरो नवीन आहे, कधी कधी हात लागतो." मग ते म्हणाले, "आणि हे बघ, काम आता रोज मिळतं. मास्टर माझं नाव घेऊन बोलावतो. म्हणतो, धुरीवर शॉट वाया जात नाय."

ज्या चेहऱ्याला देशातल्या चांगल्या चांगल्या बॉक्सरांचे हात पोचले नव्हते, तो चेहरा वर्षभरात कुणाही नवशिक्याच्या हाताखाली आला. भुवई फुटली. नाक वाकलं. रोज संध्याकाळी मामी फडक्यात मीठ गरम करून शेक द्यायच्या आणि मामा डोळे मिटून बसायचे. खोलीचं भाडं वेळेवर जात होतं. रेशन भरलेलं होतं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या चाळीत तेव्हा बऱ्याच लोकांना धुरींचा हेवा वाटायचा.

एके दिवशी मामा मला म्हणाले, "कॉम्रेड, खोलीत रुई उडतेय काय रे?" साचेखात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगतात, तसे त्यांना डाव्या डोळ्यासमोर तरंगताना दिसत होते. नंतर, ते म्हणाले, खालून वर काळं पाणी चढतंय. मी त्यांना महापालिकेच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने बॅटरीने डोळा बघितला, मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. मढला त्या नव्या हिरोच्या शेवटच्या मारामारीत उजव्या हाताचा एक ठोसा डाव्या डोळ्याखाली बसला होता, त्याने. शस्त्रक्रिया लवकर झाली तर डोळा वाचेल, उशीर झाला तर नाही. ती त्या इस्पितळात होत नव्हती. फोर्टातल्या एका खासगी दवाखान्यात होत होती आणि तिथला आकडा ऐकून मामी भिंतीला टेकून खाली बसल्या.

पण या वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, सगळे मामांच्या बाजूने होते. फायटरांच्या संघटनेचा अपघात निधी होता. शूटिंगमध्ये अपघात झाला तर सभासदाचा दवाखान्याचा खर्च त्यातून व्हायचा. संघटनेचं ऑफिस अंधेरीला, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मामा, मामी आणि मी गेलो. मामी खाली बाकावर थांबल्या, जिना चढायला नको म्हणाल्या. वर सेक्रेटरी होता, निर्मात्याचा मॅनेजरही आला होता. त्याचीही हरकत नव्हती. नव्या हिरोने म्हाताऱ्याचा डोळा फोडला, यापेक्षा अपघात झाला, हे त्यालाही बरं होतं.

सेक्रेटरी भला माणूस होता. त्याने चहा मागवला. म्हणाला, "धुरीमामा, फक्त एक वाक्य बोलायचं. अंदाज चुकला, ठोसा दिसला नाही. हे मॅनेजर साक्षीला आहेत. उद्या पैसे दवाखान्यात."

मामांनी कपातला चहा हलवला. "कुणाचा ठोसा दिसला नाय?"

"हिरोचा. दुसऱ्या कुणाचा?"

मामांना हसू आलं. "त्या पोराचा? साहेब, तो पोरगा चहाचा कप उचलायच्या आधी पण खांद्याने सांगतो."

"मग लागला कसा?"

"मी घेतला."

"घेतला म्हणजे?"

"म्हणजे उभा राहिलो. मीच सांगितलं होतं त्याला, खरा मार म्हणून. त्याचा काय दोष नाय."

मॅनेजर सेक्रेटरीकडे बघायला लागला. सेक्रेटरीने कपाळ चोळलं. "मामा, असं बोलाल तर तो अपघात होत नाही. स्वतःच्या मर्जीने मार खाल्ला तर निधीतून देता येत नाही मला. जरा बाहेर जाऊन विचार करून या. मी काही ऐकलं नाही असं समजतो."

जिन्याच्या वळणावर मी मामांना भिंतीशी धरलं. अक्षरशः धरलं, त्यांच्या शर्टाला.

"मामा, एक वाक्य. कुणाचं नुकसान नाही त्यात."

"खोटं आहे ते."

"असू दे."

"तू तुझ्या कागदात काय लिहितोस? खरं ना?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? तुझं खरं मोठं आणि माझं बारीक?"

खालून दुकानातून टायर आपटल्याचे आवाज येत होते. मामा माझा हात शर्टावरून सोडवत म्हणाले, अगदी हळू, "माझ्याकडे काय आहे रे? कप नाय. सर्व्हिस धरली नाय. हा चेहरा होता, तो गेला. मला दिसायचं, एवढं एकच आहे. ते पण नव्हतं म्हणून सांगू? त्या नारळपाणी पिणाऱ्या पोरासाठी?"

"तोच डोळा जातोय, मामा."

"जाऊ दे. तेव्हा दिसला होता ना. दिसला होता."

ते परत वर गेले आणि सेक्रेटरीला नमस्कार करून आले. खाली मामींनी विचारलं, "काय झाला?" मामा म्हणाले, "नाय जमला." मामींनी माझ्याकडे बघितलं. बसस्टॉपवर, मामांच्या देखत, मी त्यांना सगळं सांगितलं. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांनी मामांच्या हातावर ठेवला, सकाळपासून ते उपाशी होते म्हणून.

मी तेव्हा त्यांना खोटं बोला म्हणत होतो आणि आजही म्हणेन. मला सत्य कमी प्रिय आहे म्हणून नाही. गिरणीने त्यांना गैरहजर लिहिलं, ते खोटं होतं. सिनेमावाल्यांनी खरा मार खोटा म्हणून विकला, ते खोटं होतं. शाल आणि नारळ देऊन आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तो सत्कार म्हटलं, तेही काही फार खरं नव्हतं. एवढ्या सगळ्यांनी खोटं बोलून आपापलं निभावून नेलं आणि एकट्या धुरीमामांनी खरं बोलून डोळा द्यायचा, हा न्याय मला मान्य नाही. गरिबाकडे अभिमान उरू दिला जातो तो एवढ्यासाठीच, की त्याची किंमत त्याने स्वतः भरावी. कुणी मला सांगेल की हे उदात्त आहे. त्याने आधी मामींना जाऊन सांगावं.

चाळीत वर्गणी केली. पण कोण देणार? दारोदार फिरून जे जमलं त्यात शस्त्रक्रिया सोडा, दवाखान्यातली खाटही आली नसती. आणखी एक पत्रक काढलं, गाडीचे डबे, गिरण्यांची फाटकं, सगळीकडे वाटलं. दोन मनीऑर्डरी आल्या. तोवर काळं पाणी वरपर्यंत चढलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की आता पैसे आणू नका.

एका डोळ्याच्या फायटरला काम नसतं. मामा पुन्हा चटईवर बसून मामींना मदत करायला लागले, पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. चमकी गोंदाच्या थेंबाच्या बाजूला पडायची. ते बोटाने चाचपून बघायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा बाजूला. मामी त्यांच्याकडे न बघता त्या राख्या स्वतःकडे ओढून घ्यायच्या. शेवटी खोली सोडून दोघं कुडाळजवळ गावी गेली आणि तिथे दुसऱ्याच वर्षी मामा गेले, तापाने. ते जायच्या वेळी मी तिथे नव्हतो. माझ्या मनात त्यांचा शेवट त्याआधीच, जोगेश्वरीतच झालेला आहे. तेवढा सांगतो.

तो सिनेमा लागला. स्टेशनजवळच्या थिएटरात, बाहेर हिरोचं दुमजली पोस्टर. मामा मला म्हणाले, "तिकिटं काढ. तीन." मी म्हटलं, कशाला? "काढ तू." मामी नको म्हणत होत्या, तर त्यांनाही चला म्हणाले. मॅटिनीचा शो होता. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी कडेला, ते माझ्या उजवीकडे, मामी त्यांच्या पलीकडे.

सिनेमा जसा असतो तसा होता. मामा गाण्यांच्या वेळी खुर्चीत मागे टेकून बसत, मारामारी आली की पुढे सरकत. शेवटाकडे मढचा तो बंगला दिसला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. अंगणात हिरो एकेकाला लोळवत पुढे येत होता. मग चौकड्याचा शर्ट आला. पडद्यावर माणूस केवढा मोठा दिसतो. मामांचा चेहरा पूर्ण पडदाभर होता, दोन्ही डोळ्यांसकट.

हिरोचा खांदा हलला. पडद्यावरच्या मामांचं डोकं उजवीकडे निघालं. स्वच्छ दिसलं, ते निघालं. मग थांबलं. आणि स्वतःहून परत जागेवर आलं. डोळे सताड उघडे, येणाऱ्या मुठीवर. मूठ डाव्या डोळ्याखाली बसली. थिएटरात शिट्ट्या वाजल्या.

"बघितलंस?" मामा माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "डोकं निघालं होतं. मी परत आणलं. बघितलंस ना? दिसला होता मला. आता कुणी सांगू दे, दिसला नाय म्हणून."

मी हो म्हणालो. अंधारातही मला त्यांचं हसू कळत होतं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. उन्हाने डोळे दिपत होते. मामा अजून बोलत होते, त्या पोराचं कोपर कसं बाहेर जातं, हात कुठून निघाला, कसा निघाला. मामी पदर सावरत त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. अंधेरीच्या त्या जिन्यापासून या विषयावर त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या. रागाने नाही. भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"तुमका दिसलो होतो, तर मगे हललात कित्याक नाय?"

मामा बोलता बोलता थांबले. त्या बाजूचं त्यांना काहीच दिसत नसे, म्हणून मामींकडे बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. त्यांनी वळवली. बराच वेळ ते मामींच्या तोंडाकडे बघत राहिले, जसं काही तिथून काहीतरी येणार होतं आणि ते कुठून येतंय हे त्यांना कळत नव्हतं.